वेळ पाच मिनिटं, खर्च शून्य

अमरदीपराव सोनकांबळे यांनी भिंतीतलं रोपटं उपटायला हात घातला, तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वासातला काम उरकणार होतं. तसं पेपरातच छापलं होतं.

रविवारच्या पुरवणीत कुणा तज्ज्ञानं 'चैत्रात घ्या बागेची आणि खिशाची काळजी' असा अर्धं पान सल्ला दिला होता. हैदराबादेत अमरदीपरावांना मराठी पेपर एक दिवस शिळा मिळतो, पण सल्ला शिळा होत नसतो अशी त्यांची समजूत आहे. त्यातलं चौथं कलम त्यांनी लाल पेननं अधोरेखित केलं होतं: 'आवाराच्या भिंतीत उगवलेली रोपं पावसाळ्याआधी उपटून टाका. आज सोडलेलं रोपटं उद्या अख्खी भिंत खातं. वेळ : पाच मिनिटं. खर्च : शून्य.' त्यातल्या 'शून्य'खाली त्यांनी दोनदा रेघ मारली. कुकटपल्लीतल्या आपल्या घराचे अजून सोळा वर्षांचे हप्ते बाकी असलेल्या माणसाला शून्य हा आकडा किती गोड लागतो, ते ज्याचं त्यालाच माहीत.

पण खरं कारण शून्य नव्हतंच. खरं कारण होतं गौतमदाजी.

गौतमदाजी म्हणजे अमरदीपरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते शहराच्या ऐन मध्यात, हिमायतनगरात राहतात, आणि हिमायतनगराबाहेरही मनुष्यवस्ती आहे हे त्यांना ऐकून माहीत आहे. चार वर्षांपूर्वी घर बघायला आले, तेव्हा बाजारात टरबूज ठोकून बघावं तशी त्यांनी आवाराची भिंत बोटाच्या पेरानं ठोकली, कान लावला, आणि म्हणाले, "हं." बस्स. पुढं काही नाही. त्या 'हं'चा अर्थ काय, यावर अमरदीपराव चार वर्षं विचार करत होते. आता बुद्धपौर्णिमेला दाजी दुसऱ्यांदा जेवायला येणार होते. तोवर भिंत सरळ, बिनभेगेची आणि मलई रंगाची असायला हवी होती. माणसाला आयुष्यात फार काही लागत नाही. एक 'हं' मागं घेतलेला बघायला मिळाला तरी पुरे असतं.

तर त्यांनी रोपट्याला हात घातला. चार पानं, बोटभर दांडी, साडेचार फुटांवरच्या एका बारीक भेगेतून बाहेर आलेलं. भेगेत रुपयाचं नाणं जेमतेम गेलं असतं.

"काय करायलास रे?" मागून पार्वतीबाईंचा आवाज आला. अमरदीपरावांची माय सकाळी अंगणात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सगळ्या जगावर देखरेख करते.

"गवत उपटायलोय, माय."

"ते गवत हाय?"

माय उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती हातात एक लॅमिनेट केलेलं पान घेऊन. दाजींनीच एकदा बोधगयेहून आणलेलं पिंपळाचं पान. तिनं ते भिंतीतल्या पानाशेजारी धरलं. तोच बदामी आकार, तेच लांब शेपूट. दोन सख्खे भाऊ ओळख परेडीला उभे केल्यासारखे दिसत होते.

"माय, कावळ्यानं टाकलेलं बी आहे ते."

"मग? कावळ्यानं टाकलं म्हणून झाड बदलतं का?"

"आपण असलं काही मानत नाही."

"मी कुठं नवस बोलले? ज्या झाडाखाली बसून माणूस शहाणा झाला, ते झाड माझ्या भिंतीत आलंय, अन् माझा लेक त्याला गवत म्हणायलाय. शहाणं व्हायचं कोण राहिलंय, ते दिसायलंच आहे."

अमरदीपराव काही बोलणार, एवढ्यात भिंतीच्या वरून एक डोकं उगवलं. ते शेजारच्या रंगाचारी गारूंचं होतं; आपल्या 'रावां'ना तेलुगूत 'गारू' म्हणतात. रंगाचारी निवृत्त पोस्टमास्तर. आजही कुणाच्या घरी काय पोचतंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.

"सार! वद्दु सार! मत निकालो!" ते घाबरून म्हणाले. "ये रावि चेट्टू है सार. पीपल! विष्णुमूर्ती!"

आता इथं अमरदीपरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण विचारी माणसाला गप्प बसणं जमत नाही, हीच तर विचारांची अडचण आहे. छाती पुढं काढून ते म्हणाले, "आमच्यात झाडाला देव मानत नाहीत, रंगाचारी गारू. आमच्या घरात सगळं बुद्धीला पटलं तरच."

आणि वळून बघतात तो मायनं स्टूल भिंतीजवळ सरकवलेलं, आणि ती मगानं रोपट्याला पाणी घालत होती.

"देव म्हणून नाही," माय म्हणाली. "तहान लागली असंल म्हणून."

इथून पुढं जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती, हेच सगळ्यात थकवणारं होतं. भिंत सामायिक. रोपट्याचा बुंधा इकडं, पण भेग आरपार आणि एक कोंब तिकडंही निघालेला. त्यामुळं अलीकडे पार्वतीबाई रोज सकाळी पांढरी फुलं ठेवायच्या आणि मेणबत्ती लावायच्या. पलीकडे रंगाचारींच्या सौभाग्यवती आंडाळम्मा दर शनिवारी हळद-कुंकू लावून दोरा गुंडाळायच्या, आणि प्रदक्षिणा घालायला मध्ये भिंत येते म्हणून जागच्या जागी स्वतःभोवतीच फिरायच्या. पाणी मात्र दोघीही घालायच्या. एप्रिलचा महिना, कॉलनीत टँकर तीन दिवसांआड, माणसं अंघोळीला अर्ध्या बादलीवर आलेली, आणि ती भिंत दोन्ही बाजूंनी न्हात होती. हैदराबादेत त्या उन्हाळ्यात इतकं सुखी झाड दुसरं नसेल.

चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत भेगेत करंगळी जायला लागली. अमरदीपरावांची मुलगी शिवानी नववीत आहे आणि तिला भूमितीची पेटी काढायला निमित्त लागतं. तिनं पट्टी लावून सांगितलं, "पप्पा, भेग रोज एक मिलिमीटर वाढतेय. या वेगानं पौर्णिमेपर्यंत आत मांजर झोपू शकेल."

कॉलनीच्या ग्रुपवर अमरदीपरावांनी नाव न सांगता विचारलं: 'एका ओळखीच्यांच्या भिंतीत पिंपळ आला आहे, उपाय सुचवा.' बारा मिनिटांत एकतीस सल्ले आले. उकळतं पाणी घाला. मीठ घाला. घर विका. एकानं गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला. आणि कुणीतरी लिहिलं की मुळाशी हिंग भरा, पिंपळ आठ दिवसांत जातो, आमच्या आजोबांचा अनुभव आहे.

हिंग! घरातच आहे! खर्च शून्य!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, माय वामकुक्षी घेत असताना, अमरदीपरावांनी बायकोच्या, म्हणजे गीतावहिनींच्या, फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबी अख्खी भेगेत रिकामी केली, वर ओली माती लिंपली आणि हात धुऊन निष्पाप चेहऱ्यानं टीव्ही लावला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून गीतावहिनी म्हणाल्या, "अहो, नवी हिंगाची डबी कुठंय? कालच दोनशे वीस रुपयांची आणली."

त्याच क्षणी अंगणातून माय म्हणाली, "गीता, झाडाला वरणाचा वास कामून यायलाय गं?"

अमरदीपरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. गीतावहिनींनी बाहेर येऊन आधी भिंतीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. त्या रात्रीच्या वरणात हिंग नव्हता. पुढच्या आठ दिवसांच्याही नाही. पिंपळाला मात्र तो फार मानवला. आठव्या दिवशी त्याला तीन नवी पानं आली, कोवळी, तांबूस, आणि अमरदीपरावांच्या मते किंचित उर्मट.

मग त्यांनी मस्तानभाई मिस्त्रींना बोलावलं. हे घर मस्तानभाईंनीच बांधलं होतं. मस्तानभाईंनी भेग बघितली, भिंतीला खांदा लावून बघितला, आणि पिंपळावर नजर गेली तसे दोन पावलं मागं सरकले.

"भिंत गिराना बोलो साब, अब्बी गिरातौं. झाड नक्को."

"कैकू?"

"परसों मैं एक काटा था साब, उधर कापरा मोहल्ले में." हैदराबादेत 'परसों' म्हणजे काल, गेल्या वर्षी किंवा निजामाच्या काळात, यांपैकी काहीही असू शकतं. "शाम कू स्कूटर फिसली. तीन टाके."

"पण मस्तानभाई, तुम ये सब मानते क्या?"

"मैं कां मानतौं साब! मैं बिल्कुल नै मानता." मस्तानभाईंनी आवाज खाली आणला. "मगर स्कूटर मानती."

स्कूटरशी वाद घालण्याइतकं शिक्षण अमरदीपरावांचं झालेलं नाही.

शेवटी रंगाचारींनीच सुचवलं की झाडाला हात लावायचा तर आधी सरकारी परवानगी लागते, नाही तर दंड. पोस्टात आयुष्य घालवलेला माणूस, अर्ज म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर चांदणं पडतं. फॉर्म त्यांनीच आणून दिला. त्यात पहिलाच प्रश्न होता: छातीच्या उंचीवर खोडाचा घेर किती?

"कुणाच्या छातीच्या?" अमरदीपराव म्हणाले. रोपटं सुरूच होत होतं त्यांच्या छातीपाशी.

शिवानीनं केसांची रिबीन गुंडाळून मोजलं. "पप्पा, जाड खडूएवढं आहे. चार सेंटिमीटर लिहू?"

दुसरा प्रश्न होता झाड कुठं आहे: रस्ता, बाग, की मोकळी जागा? 'भिंत' असा पर्याय नव्हता. अमरदीपरावांनी स्वतःच्या अक्षरात चौथा चौकोन काढला आणि त्यावर बरोबरची खूण केली. आपल्याच चौकोनावर खूण करण्याचा तो एकाकी आनंद त्यांना महापालिकेच्या तीन नंबरच्या खिडकीपर्यंत पुरला.

"झाड जमीन में नै है?" तीन नंबर म्हणाली.

"नै. दीवार में."

"तो दीवार का मामला है. खिडकी सात."

खिडकी सातनं विचारलं, "दीवार में क्या है?"

"झाड."

"खिडकी तीन."

असे ते चार अर्ध्या रजा घालून तीन आणि सात यांच्यामध्ये येत-जात राहिले. चौथ्या वेळी दारावरच्या वॉचमननं त्यांना आपली खुर्ची दिली आणि विचारलं, "साब, यहां पोस्टिंग हुई क्या?" शेवटी सात नंबरनं दया येऊन सांगितलं की भिंत सामायिक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आणा, मग साहेब बघायला येतील.

रंगाचारींनी संमती दिली. अडीच पानी. झाड तोडायचं नाही, मूळ तुटता कामा नये, अखंड काढून दुसरीकडं लावायचं, आणि तेही शुभ तिथीला. पंचांग उघडून त्यांनी बोट फिरवलं. "सार, एकच दिन है. वैशाख पौर्णिमा. उस के बाद सीधा श्रावण."

"पौर्णिमेलाच?" अमरदीपरावांनी पंचांग आपल्याकडं ओढलं. "पौर्णिमेला तर दाजी येणार!"

"पौर्णिमेलाच बरं," अलीकडून माय म्हणाली. "त्याच्यापरीस चांगला दिवस कोणता?"

गेल्या महिन्याभरात भिंतीच्या दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. नेमकं अमरदीपरावांच्या विरुद्ध.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी साहेब आले. टेप काढली, मोजली, फॉर्म बघितला, चौथा चौकोन बघून कपाळाला आठी घातली.

"ये झाड नै है," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"छोटा रोपा है. इस को परमिशन कैकू? उसी दिन निकाल के फेंकना था ना. पांच मिनिट का काम."

अमरदीपराव मायच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. मग क्षीण आवाजात म्हणाले, "तो आपही निकाल दो ना साब. आत्ता."

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. "मैं? मैं कैकू? मेरा डिपार्टमेंट नै है." जाता जाता कुणी बघत नाही असं समजून त्यांनी एका पानाला बोट लावलं, ते बोट डोळ्यांना लावलं, आणि जीपमध्ये बसून गेले.

पौर्णिमा उजाडली. अलीकडे पार्वतीबाई पांढऱ्या लुगड्यात, खिरीचं पातेलं गॅसवर. पलीकडे आंडाळम्मा नारळ घेऊन सज्ज. मधोमध मस्तानभाई, छिन्नी-हातोडा घेऊन. त्यांनी आधी करार स्पष्ट केला: "भिंत मेरी, झाड तुमारा. झाड कू मेरा हात नै लगेगा." मुळाच्या भोवतीच्या फक्त चार विटा काढायच्या, रोपटं अलगद ओढून घ्यायचं आणि निळ्या अर्ध्या ड्रममध्ये लावायचं, असं ठरलं. दाजी दुपारी एकला येणार होते. दहापर्यंत काम, अकरापर्यंत भगदाड बुजवणं, बारापर्यंत रंगाचा एक हात. अमरदीपरावांनी हे वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं.

चार विटा निघाल्या. मूळ डावीकडं गेलेलं दिसलं.

"और एक ईट साब."

मूळ उजवीकडंही गेलेलं होतं.

"और एक."

सहा आठवडे दोन्ही बाजूंनी पाणी पिऊन ते मूळ भिंतीच्या पोटातून असं पसरलं होतं, जणू भिंत त्याच्याच नावावर होती. अडीच पानी संमतीप्रमाणं ते तोडता येत नव्हतं. रंगाचारी कागद हातात धरून प्रत्येक विटेला कलम वाचून दाखवत होते. साडेबारापर्यंत 'और एक ईट'नं नऊ फूट लांबीची भिंत संपली. फ्रिजवरचं वेळापत्रक कुणीतरी खिरीच्या पातेल्याखाली घेतलं.

अखेर मूळ निघालं. शिवानीच्या वेणीच्या तिप्पट लांब. पार्वतीबाईंनी एक टोक धरलं, आंडाळम्मांनी दुसरं, आणि बाळाला पाळण्यात घालावं तसं दोघींनी ते ड्रममध्ये ठेवलं. सगळ्यांनी माती लोटली. मायनं त्रिसरण म्हटलं, आंडाळम्मांनी नारळ फोडला, मस्तानभाईंनी स्कूटरकडं एकदा बघून घेतलं. आणि त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली.

गौतमदाजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उतरले. आवारात आले. सवयीनं त्यांनी बोटाचं पेर पुढं केलं.

ठोकायला भिंत नव्हती.

ते बोट काही क्षण हवेतच राहिलं. त्याच्या पलीकडे, जिथं भिंत असायला हवी होती तिथं, रंगाचारी पंचा सावरत उभे होते. त्यांनी हात जोडून, "नमस्कारम् सार," म्हटलं.

"जयभीम," दाजी गोंधळून म्हणाले. मग अमरदीपरावांकडे वळले. अमरदीपराव केसांपासून चपलांपर्यंत सिमेंटच्या धुळीनं मलई रंगाचे झाले होते. भिंतीसाठी ठरवलेली छटा अगदी हीच होती.

"हं," दाजी म्हणाले.

पण पंचाईत अजून संपली नव्हती. ड्रम भरला होता तो पडलेल्या भिंतीच्या बरोबर जागेवर, सीमेवर. तो आमच्या अंगणात घ्या, माय म्हणाली. अर्धी भिंत आमची, आंडाळम्मा म्हणाल्या. दोघींचंही बरोबर होतं. तोडगा निघण्याआधी निदान बाजूला तरी सरकवू म्हणून अमरदीपराव, रंगाचारी आणि शेवटी शर्टाच्या बाह्या सारून खुद्द दाजी, असे तिघं जोर लावून थकले. ओल्या मातीचा ड्रम तसूभर हलला नाही. दाजींच्या शर्टावर मातीचा पंजा तेवढा उमटला. मस्तानभाई लांबून म्हणाले, "कुंडी हटाव साब, मैं भिंत बांधतौं."

"कधी बांधणार?"

"परसों."

मग जेवणं झाली. भिंत नसल्यामुळं खीर फाटकावरून न जाता सरळ पलीकडे गेली आणि चिंचेचा पिवळा भात, पुलिहोरा, सरळ अलीकडे आला. दाजींनी तो तीनदा घेतला. आंडाळम्मा चौथ्यांदा वाढायला थेट आपल्या ओट्यावरूनच चालत आल्या. माय आणि त्या ड्रमाशेजारच्या विटांच्या ढिगावर बसल्या. एकीला तेलुगू येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, आणि तरी दोघींनी मिळून अमरदीपरावांबद्दल अर्धा तास बोलून काढला, हे हातवाऱ्यांवरून कळत होतं.

निघताना दाजी गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "अमरदीप, घर हवेशीर आहे तुझं."

चार वर्षांनी आलेली ती दाद होती की टोमणा, यावर अमरदीपरावांनी आठ दिवस विचार केला. गीतावहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला परवडेल ते समजा."

जून लागला. पावसाचा पत्ता नव्हता, मस्तानभाईंचा परसों उगवला नव्हता, आणि ड्रम जागच्या जागी होता. मलई रंगाचा डबा जिन्याखाली, झाकण न उघडता. त्या आठवड्यात माय लग्नाला मुखेडला गेली होती आणि आंडाळम्मा लेकीकडं दिलसुखनगरला. तिसऱ्या दिवशी सकाळी अमरदीपराव चपला घालायला बाहेर आले, तर पिंपळानं माना टाकलेल्या. अकराच्या अकरा पानं खाली लोंबत होती.

ते तसेच ऑफिसला निघाले. फाटकापर्यंत गेले. परत आले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी ज्यात साठतं ती बादली उचलली आणि मगा-मगानं मुळाशी घालू लागले. मध्ये भिंत असती तर हे कुणाला दिसलं नसतं. पण ओट्यावर रंगाचारी पेपर वाचत बसले होते.

"क्या सार?" पेपर खाली करून ते म्हणाले. "पूजा?"

"झाड है," अमरदीपराव ताठपणे म्हणाले. "पानी लगता. बस."

"हौ सार," रंगाचारी म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला. पेपर बराच वेळ हलत होता.

अमरदीपरावांनी बादली पालथी घातली, हात झटकले आणि उशीर झाला का म्हणून घड्याळ बघितलं. बरोबर पाच मिनिटं लागली होती. पाणी फुकटचं होतं.